लाल शाईतली प्रमाणित प्रत

क्योतो, शिचिजो
रेइवा १, मे १२

प्रिय चिहारु,

कोवळी पालवी डोळ्यांना गार वाटावी असे दिवस आहेत. नव्या सम्राटांच्या राज्यारोहणानिमित्त, रेइवा युगाच्या आरंभी, देशभर लांबलचक सुट्टी होती. त्यामुळे तुझा टेलिफोन आला त्या दिवशी टपालकचेरी, बँक आणि माझे पचन ही तिन्ही बंद होती. टेलिफोनवरचे मला अर्धे ऐकू येते आणि जे ऐकू येते त्यातले अर्धे पटत नाही, म्हणून लिहितो. जे समजले ते क्रमाने मांडतो. चुकत असेन तर निःसंकोच दुरुस्त कर. तुझ्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आतेभावाने, आयुष्यभर तेच केले.

माझ्या दिवंगत धाकट्या भावाच्या मुलाने, शुनपेईने, आपल्या घडीच्या पडद्यांच्या पिढीजात कागदी बिजागरीवरून एक नवी बिजागरी तयार केली. कागदाच्या जागी विणलेली धातूची पातळ पट्टी. दार दोन्ही अंगांनी उघडते आणि मध्ये फटच राहत नसल्यामुळे लहान मुलाचे बोट सापडत नाही. हा शोध त्याने गेल्या वर्षी फेब्रुवारीत येथल्या पेटंट कार्यालयात नोंदवला. मजकुराचे एक अक्षरही मला दाखवले नाही, असो. शरद ऋतूत त्याने ती बिजागरी ओकाझाकीच्या प्रदर्शनात मांडली. यंदाच्या फेब्रुवारीत तुझ्या कचेरीमार्फत तिकडे म्युनिकला अर्ज केला.

तिकडच्या नियमाप्रमाणे जगासमोर एकदा मांडलेली वस्तू नवी राहत नाही, मग मांडणारा स्वतः शोधकर्ता का असेना. तेव्हा ‘आमचा पहिला अर्ज प्रदर्शनाच्या आधीचा आहे’ हे दाखवणारी, येथल्या कार्यालयाने खरी ठरवलेली प्रत तिकडे पोहोचलीच पाहिजे. तिला तुम्ही अग्रक्रमाचा दस्तऐवज म्हणता. ती पोहोचली नाही, तर शुनपेईचे प्रदर्शनच शुनपेईच्या विरुद्ध साक्ष देईल. बरोबर?

पूर्वी अशी प्रत कागदावर निघे. तिला फीत असे, शिक्का असे. आता दोन्ही कार्यालयांची यंत्रे म्हणे परस्पर देवघेव करतात. आपण चार अक्षरांचा गुप्त संकेत तेवढा सांगायचा, की तुमचे यंत्र आमच्या यंत्राकडून प्रत मागून घेते. तो संकेत पावतीवर छापलेला आहे. पावती माझ्या खणात आहे, कारण शुनपेई महत्त्वाचे कागद सरसाच्या भांड्याखाली ठेवतो. फेब्रुवारीत तुला संकेत मीच टेलिफोनवर सांगितला. सुट्टीत तू पुन्हा विचारलास, तेव्हा एकेक अक्षर सुटे करून पुन्हा सांगितला. तू वाचून दाखवलेस, मी पावतीवर बोट ठेवून पडताळले. काडीचा फरक नाही. तरीही तुमचे यंत्र म्हणते, ‘प्रत मिळाली नाही.’ तर मग दोष यंत्राचा आहे. शुनपेईलाही मी हेच सांगितले.

“काका, संकेत नीट सांगितलात ना?”

“मी जन्मभर भाषा शिकवली.”

“ते माहीत आहे हो. संकेत नीट सांगितलात का, एवढंच विचारतोय.”

“तू सांगितला असतास त्यापेक्षा नीट.”

“मग झालं,” असे म्हणून तो पुन्हा पट्ट्या कापायला बसला; पण कापलेल्या पट्ट्या वाकड्या आल्या. हे मी पाहिले.

हॉटेल कंपनीचा सेगावा तोक्योहून पुन्हा येऊन गेला. आमच्या डावीकडचे घर त्याने घेतले, उजवीकडचेही घेतले. मधला दात तेवढा उरला आहे. तुमच्या जर्मनीतली, बालवाडीची कपाटे करणारी कोलोनची कंपनी पेटंटावाचून करार करणार नाही, आणि करारावाचून कार्यशाळा हा हिवाळा काढणार नाही, असे शुनपेईची बायको नात्सुए म्हणते. विक्रीचा कागद सेगावा ठेवून गेला आहे. शुनपेईने त्यावर मोहोर अजून उठवलेली नाही. ती मोहोर पूर्वी तो कपाटात ठेवत असे; हल्ली ती मेजावर असते.

तब्येतीस जप. तिकडच्या पावाने दात दुखतात असे तुझी आई म्हणत होती.

तोकुजिरो सोएदा

◆

म्युनिक
२२ मे २०१९

आदरणीय तोकुजिरो काका,

तुमचे पत्र मिळाले. तुम्ही जे मांडलेत त्यात दुरुस्त करण्यासारखे काही नाही, एक वाक्य सोडून. यंत्र दोषी आहे असे म्हणायला मलाही आवडले असते. पण तेच यंत्र रोज तुमच्याकडच्या प्रतींचे ढीग विनातक्रार आणते. आमच्या एकट्याच कागदाशी त्याचे वैर असेल असे वाटत नाही. संकेत चुकला असेल तर ते दार उघडत नाही, आणि कुठे चुकला तेही सांगत नाही.

माझ्याजवळ फेब्रुवारीतले टिपण आहे आणि मेमधलेही. दोन्ही एकमेकांशी तंतोतंत जुळतात. म्हणून एक विनंती: संकेत पत्रात लिहून पाठवाल का? किंवा शुनपेईदादाला पावतीचे छायाचित्र पाठवायला सांगाल?

माझ्या शेजारच्या मेजावर ब्रुनहुबर बाई बसतात. मुदतींच्या बाबतीत सगळी कचेरी त्यांना घाबरते. काल त्यांनी आमची फाइल उचलली.

“हे तुझे नातेवाईक ना?”

“हो. लांबचे.”

“लांबचे म्हणजे जपानात, की नात्याने?”

“दोन्ही.”

“मग घाई कर. नातं लांबचं असलं तरी मुदत जवळची आहे.”

जुलैच्या मध्यापर्यंत प्रत आली नाही, तर अग्रक्रम जाईल. त्यानंतर कोणी कितीही रडले तरी उपयोग नाही. त्यामुळे आपण दुसरा मार्गही धरून ठेवू. जुन्या पद्धतीची कागदी प्रमाणित प्रतही चालते. तोक्योच्या कार्यालयाकडे अर्ज करून ती मागवा आणि आली की लगेच रजिस्टरने मला पाठवा. तुम्हाला आवडणारा शिक्काही तिच्यावर असेल.

एवढ्या लहान गिऱ्हाइकाचे काम घ्यावे म्हणून मीच वरिष्ठांच्या मागे लागले होते. ती बिजागरी मी त्यांच्या मेजावर उघडझाप करून दाखवली होती. त्यांनी स्वतःचे बोट घालून पाहिले. ते बोट मला रोज आठवते.

दात ठीक आहेत. पाव सुपात बुडवते.

चिहारु

◆

क्योतो, शिचिजो
रेइवा १, जून १३

प्रिय चिहारु,

हायड्रेंजिया निळ्याचे जांभळे होऊ लागले आहेत आणि भिंतीवरचा कागद दमट हवेने सैल पडतो आहे.

संकेत पत्रात लिहिण्याविषयी: पावतीवर ‘हा संकेत इतरांस उघड करू नये’ असे स्वच्छ छापले आहे. पत्र आठ हातांतून जाते. छायाचित्र किती हातांतून जाते हे देवालाच ठाऊक. सबब ते होणार नाही.

आनंदाची बातमी अशी की, तोक्योहून प्रमाणित प्रत आली. कागद जाड, शिक्का ठसठशीत. यंत्रांच्या युगातही एवढे शिल्लक आहे हे पाहून बरे वाटले. मात्र मजकूर वाचला आणि तो बरेपणा ओसरला. शुनपेईने लिहिले आहे: ‘ही पट्टी मागच्या बाजूनेही मिरेरु’, म्हणजे पाहता येते. चिहारु, शक्यार्थी रूप ‘मिरारेरु’ असे आहे. मधला ‘रा’ गिळण्याची ही फॅशन दूरदर्शनवरच्या पोरांनी आणली. तीच चूक पुढच्या पानावर पुन्हा. एके ठिकाणी दार ‘उघडते’ की ‘उघडवते’ याविषयी दारालाच शंका यावी असे वाक्य. हे कागद परदेशी विद्वानांसमोर आपल्या घराण्याच्या नावाने जायचे! मी एक सकाळ खर्ची घातली, बारीक टाकाने आणि लाल शाईने सर्व जागा दुरुस्त केल्या, समासात नियमांचे क्रमांक दिले आणि प्रत आजच रजिस्टरने रवाना केली. शुनपेईला सांगितले नाही; उगाच शरमेल.

टपालकचेरीतून निघून कितानोला एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी गेलो होतो. परतताना पाऊस लागला म्हणून टॅक्सी केली, आणि तिने माझी संध्याकाळ वाया घालवली. ‘कारासुमा शिचिजो’ असे चालकाला सांगून मी डोळे मिटले. उघडले तर समोर राजवाड्याचा कोट!

“आजोबा, आलं बघा.”

“कुठे आलं? मी शिचिजो म्हणालो होतो.”

“तेच की. इचिजो. हा काय.”

“इचिजो नव्हे, शिचिजो!”

“हो हो, ऐकलं मी. इचिजोलाच उभे आहोत आपण. छत्री आहे ना?”

“अरे, माझा जन्म झाला शिचिजोला!”

“मग इथंच की. घर कुठलं तेवढं सांगा.”

शेवटी मी काचेवरच्या वाफेत बोटाने आकडा काढला. तो पाहून हे दूर दक्षिणेतल्या कुमामोतोहून नुकतेच आलेले चिरंजीव मलाच म्हणाले, “असं होय! मग आजोबा, नानाजो म्हणायचं ना, बसमध्ये म्हणतात तसं!”

राजधानीचे रस्ते आपण बाराशे वर्षे मोजत आलो. पहिला तो इचिजो, सातवा तो शिचिजो. इचि, नि, सान, शि, गो, रोकु, शिचि: ही एक सलग, कुलीन मालिका आहे. तिच्यात सातव्या जागी घरगुती ‘नाना’ घुसडणे म्हणजे औपचारिक पोशाखावर स्वयंपाकघरातले जोडे घालणे होय. ऐकताना इचि आणि शिचि यांत गोंधळ होतो, असे बसवाले कारण देतात. ज्याच्या उच्चारात दोष आहे त्याच्या बाबतीत होत असेल. मी जन्मात कधी सातला ‘नाना’ म्हटलेले नाही, म्हणणार नाही.

सेगावा परवा पुन्हा आला होता. या खेपेस शुनपेई त्याच्याशी बराच वेळ बोलला.

तोकुजिरो सोएदा

◆

म्युनिक
२४ जून २०१९

आदरणीय काका,

तुमचे रजिस्टर आणि तुमचे पत्र आज एकाच वेळी हातात पडले. मी रजिस्टर आधी उघडले, ही माझी चूक.

प्रमाणित प्रत म्हणजे काय, तर ‘आमच्याकडे नोंदवलेला मजकूर अक्षरशः असाच आहे’ अशी कार्यालयाची शपथ. त्या शपथेत एक टिंब जरी नंतर घातले, तरी ती शपथ राहत नाही. काका, तुम्ही तिच्यावर सतरा ठिकाणी लाल शाई केली आहे. नियमांच्या क्रमांकांसह.

ब्रुनहुबर बाईंनी ती दोन्ही हातांनी धरून उजेडात पाहिली. त्यांना जपानी येत नाही. पण लाल शाई सगळ्या भाषांत वाचता येते.

“कोणी केलं हे?”

“काकांनी. ते भाषेचे शिक्षक होते.”

“अक्षर किती सुरेख आहे! माझ्या सबंध नोकरीत इतका सुंदर निरुपयोगी कागद मी पाहिला नाही.”

मी हसलेसुद्धा नाही. तोक्योकडे नवा अर्ज, नवी प्रत, पुन्हा टपाल. एवढे सगळे मुदतीत बसेल याचा भरवसा राहिला नव्हता. शुनपेईदादाला काय सांगायचे, हे मनाशी जुळवत मी खाली उपाहारगृहात गेले आणि वाट पाहत असलेला शिक्षेचा दुसरा भाग म्हणून तुमचे पत्र उघडले.

वाचता वाचता टॅक्सीच्या प्रसंगापाशी आले आणि उठून उभी राहिले. सूप सांडले.

काका, मी दूर उत्तरेला, हाकोदातेत वाढले. आमच्याकडे सातला ‘शिचि’ म्हणतात, नाहीतर ‘नाना’. पण आईने एकदा सांगितले होते की क्योतोतली जुनी माणसे तोंडातल्या ‘शि’चा न कळत ‘हि’ करतात. तुम्ही शिचि लिहिता, शिचि समजता, आणि — रागावू नका — ‘हिचि’ म्हणता. टेलिफोनच्या तारेत तो ‘ह’ विरून जातो. उरतो ‘इचि’. मी तुमच्या तोंडचे दोनदा ऐकले आणि दोनदा एक लिहिला. वाचून दाखवताना मी ‘इचि’ म्हटले. तुम्हाला त्यात तुमचा सात ऐकू आला. म्हणून आपली दोघांची टिपणे तंतोतंत जुळली!

माझ्या टिपणात आहे: नऊ, डी, एक, ए. धावत वर गेले आणि एकाच्या जागी सात घातला. (संकेत उघड केल्याबद्दल क्षमा असावी, त्याचे काम आता झाले आहे.)

ब्रुनहुबर बाई म्हणाल्या, “हे काय? आकडा बदललास? कशाच्या आधारावर?”

“टॅक्सीच्या.”

त्यांनी चष्मा काढला. मी सगळे सांगितले. मला वाटले, आता ओरडतील. त्या तर मेजावर हात आपटून हसत सुटल्या. “अगं, आमच्याकडे त्स्वाय म्हणजे दोन आणि द्राय म्हणजे तीन. फोनवर दोन्ही सारखेच ऐकू येतात, म्हणून आम्ही दोनला त्स्वो म्हणतो. माझ्या आजीला त्याचा कोण राग! म्हणायची, त्स्वो हा शिपायांचा शब्द आहे. तुझ्या काकांचं आणि तिचं जमलं असतं.”

हे पत्र येथवर लिहून मी बाजूला ठेवले होते, कारण कार्यालयाचा निरोप आल्याशिवाय पाठवायचे नव्हते.

२६ जून. काका, प्रत मिळाली. तोक्योच्या यंत्राने ती दिली, इकडच्या यंत्राने घेतली, तारखेसह, शिक्क्यासह, एक अक्षर इकडचे तिकडे न होता. मघाशी शुनपेईदादाला फोन केला. “मिळाली,” एवढेच मी म्हणाले. मग पलीकडे काहीतरी मोठे आदळल्याचा आवाज आला आणि नात्सुएवहिनी म्हणाल्या, “काळजी करू नकोस, खालीच बसलाय.”

लाल शाईची प्रत परत मागू नका. ती मी ठेवून घेणार आहे.

तुमची
चिहारु

◆

क्योतो, शिचिजो
रेइवा १, जुलै ४

प्रिय चिहारु,

गिओन उत्सवाचे रथ उभारायला आठवड्याभरात सुरुवात होईल. त्यांच्या दोऱ्यांच्या गाठी खिळ्यावाचून बसतात, हे दरवर्षी पाहूनही खरे वाटत नाही. यंदा तुझ्या पत्रावरही माझा तसाच विश्वास बसेना. ते मी उभ्यानेच वाचले. मग बसून वाचले. मग देवघरात भावाच्या तसबिरीसमोर मोठ्याने वाचले. टॅक्सीचा भाग गाळून.

प्रत पोहोचली, हे उत्तम झाले. उत्तम हा शब्द अपुरा आहे. परंतु अतिशयोक्ती हा दोष होय.

माझ्या उच्चाराविषयी तू मांडलेला तर्क मी विचारात घेतला. टेलिफोनचे यंत्र ‘श’कार नीट वाहून नेत नाही, असे माझे मत झाले आहे.

प्रमाणित प्रतीविषयी इतकेच म्हणतो की, मूळ कागदावर दुरुस्ती करू नये हा नियम मला ठाऊक असता तर मी वेगळ्या कागदावर केली असती. तुझ्या पत्रावरून कळते की यंत्राने मजकूर जसाच्या तसा नेला. म्हणजे तो ‘मिरेरु’ही गेला. आता म्युनिकच्या दप्तरात तो कायमचा राहणार. काल त्या विचाराने मी थोडा वेळ अस्वस्थ होतो. शुनपेईला म्हटले, “निदान पुढच्या वेळी मला दाखव.” तो म्हणाला, “काका, तुम्हाला दाखवलं असतं ना, तर तुम्ही अजून पहिलाच परिच्छेद तपासत बसला असता. मग प्रदर्शन आधी झालं असतं आणि अर्ज नंतर.” यावरचे उत्तर गरज पडली तर तू सुचव.

तो काल दुपारी कार्यशाळेतच, लाकडाच्या भुशात, घोरत पडला होता. फेब्रुवारीपासून त्याला दिवसा झोपलेला मी पाहिला नव्हता. मी दार लावून घेतले. त्याच्याच बिजागरीचे होते. अजिबात वाजले नाही.

तोकुजिरो सोएदा

ता. क. — चिहारु, मी नात्सुए. काकांनी पाकीट डकवायला माझ्याकडे दिलं म्हणून मागच्या बाजूला लिहितेय. माझं शुद्धलेखन बघू नकोस. टेलिफोनचं यंत्र वगैरे काही खरं नाही गं! तुझं पत्र आलं तेव्हा मी म्हटलं, “काका, एकदा सात म्हणा बघू.” म्हणाले, “हिचि.” मी म्हटलं, “हिचि म्हणालात.” तर म्हणतात, “हिचि नाही म्हणालो, हिचि म्हणालो!” शुनपेई पडद्याआड जाऊन हसला. मग काकांनी मलाच म्हणायला लावलं. मी पण हिचिच म्हणाले! मी गोजोची, लांबून थोडीच आलेय! सगळी गल्लीच हिचि म्हणते. तूच हाकोदातेची निघालीस, म्हणून तुला उमगलं आणि वाचलो. तुला लोणची पाठवतेय.

◆

म्युनिक
१६ जुलै २०१९

आदरणीय काका,

आज दोन कागद आले. दोन्हींचा सारांश कळवते.

पहिला कार्यालयाचा. अग्रक्रमाचा दावा पूर्ण झाल्याची नोंद झाली आहे. म्हणजे ओकाझाकीचे प्रदर्शन आता नुसते प्रदर्शन आहे; साक्षीदार नव्हे. पेटंट मिळायला अजून वर्षे लागतील, परीक्षक प्रश्न विचारतील, ते सारे यथाकाल होईल. पण पायाखालची जमीन आपली आहे.

दुसरा कोलोनहून. त्यांच्या वकिलांनी नोंद पाहिली आणि करार करायचे ठरले. सप्टेंबरात दोघे जण तुमच्याकडे येत आहेत. शुनपेईदादाने कार्यशाळा झाडून ठेवावी एवढेच.

मी हे वरिष्ठांना सांगितले. त्यांनी ते बोट वर करून दाखवले.

ब्रुनहुबर बाईंनी लोणच्याचा मुळा चाखला आणि म्हणाल्या, “खारट आहे.” मग डबा रिकामा केला. शुनपेईदादाला द्यायचे प्रत्युत्तर मला सुचवायला सांगितले होतेत, प्रयत्न केला. शुनपेईदादाचे म्हणणे खोडता येत नाही. यात पहिले असणेच मोजतात, काका. मलाही कधीकधी ते आवडत नाही.

ती प्रत आता माझ्या खिडकीशेजारी चौकटीत आहे. कचेरीतल्या जपानी ग्राहकांना मी ती शिकवणीसाठी दाखवते. परवा ओसाकाचे एक गृहस्थ ती बराच वेळ वाचत उभे राहिले आणि म्हणाले, “दुरुस्त्या सगळ्या बरोबर आहेत.”

चिहारु

◆

क्योतो, शिचिजो
रेइवा १, ऑगस्ट ९

प्रिय चिहारु,

पंचांगाप्रमाणे शरद ऋतू लागला. उन्हाला ते कोणी कळवलेले दिसत नाही.

ओसाकाच्या त्या गृहस्थांचे नाव व पत्ता कळव.

काल सेगावा आला. उकाड्यातही कोट, हातात तोक्योच्या मिठाईचा डबा. माणूस वाईट नाही. या घराचा उंबरा त्याने इतक्यांदा ओलांडला आहे की आमच्या मांजरीला त्याचे जोडे ओळखू येतात. नात्सुएने थंड चहा दिला. मी कोपऱ्यात वर्तमानपत्र धरून बसलो होतो.

“तर मग सोएदा-सान, विचार केलात?”

तू हाकोदातेची, म्हणून सांगतो. आपल्या गावात ‘विचार करून ठेवतो’ याचा अर्थ ‘नाही’. लहान पोरालाही हे कळते. समोरच्याच्या तोंडावर ‘नाही’ आपटू नये म्हणून आपण विचाराचे आसन पुढे करतो. समजूतदार माणूस त्यावर न बसता निघून जातो. सेगावा तोक्योचा. तो दर वेळी बसला. दोन वर्षे शुनपेईने ‘विचार करून ठेवतो’ म्हटले आणि दोन वर्षे तो आशेने परत आला.

यात हसण्यासारखे काही मला वाटत नव्हते, आणि त्याचे कारण मी तुला आजवर लिहिले नाही. या वर्षी शुनपेई जेव्हा ‘विचार करून ठेवतो’ म्हणे, तेव्हा तो खरोखर विचार करत असे. शब्द तेच, आवाज तोच; फक्त पाहुणा गेल्यावर तो मेजावरच्या मोहरेकडे पाहत बसे. शब्दाला त्याचा मूळ अर्थ परत मिळाला तर मला आनंद व्हायला हवा. मला झोप येत नसे.

काल त्याने चहाचा पेला खाली ठेवला, पट्ट्यांची धूळ हातावरून झटकली आणि म्हणाला,

“विकणार नाही.”

नात्सुएच्या हातातली किटली कलंडली. ही गल्ली वसली त्या दिवसापासून असे वाक्य येथे कोणी पाहुण्याला ऐकवले नसेल. सेगावाने आम्हा एकेकाकडे पाहिले.

“विकणार नाही? मग ते आजवर विचार करतो म्हणत होतात, ते?”

“ते पण नाहीच होतं,” शुनपेई म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, “बहुतेक वेळा.”

“अहो, मग मला कोणी सांगितलं का नाही? एवढ्या खेपा घातल्या मी! तोक्योहून!”

“आम्हालाही कोडंच होतं,” नात्सुए म्हणाली. “म्हटलं, माणूस इतका येतोय, तर चहाच आवडत असेल.”

तो हसला, आधी कसनुसा, मग मनापासून. कोट काढून त्याने मांडीवर घेतला, मिठाईचा डबा स्वतःच फोडला आणि बिजागरी दाखवा म्हणाला. शुनपेईने कपाटाचे दार त्याच्यासमोर इकडून उघडले, तिकडून उघडले. त्यानेही बोट घालून पाहिले. सगळेच घालतात.

पाहुणा गेल्यावर शुनपेई मला म्हणाला, “काका, काही बोलला नाहीत? फारच तोडून बोललो का मी?”

मी त्याचे ते वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहिले. कोण विकणार नाही, काय विकणार नाही, कोणाला विकणार नाही, यांपैकी त्यात काहीच नव्हते. कर्ता नाही, कर्म नाही, आदरार्थी प्रत्यय नाही. एकटे नकारार्थी क्रियापद. शाळेत असे वाक्य माझ्यासमोर आले असते, तर ‘अपूर्ण’ असा शेरा मारून मी ते परत केले असते. काल मात्र पुष्कळ शोधूनही त्यात घालण्याजोगे मला काही सापडले नाही, आणि तसे मी त्याला सांगितले.

तुझा
तोकुजिरो काका